पहिल्यांदा सायकोसिस झालेला मुलगा दार उघडत नाही, तेव्हा सिस्टरने घरी जाऊन करायचं काय

तुझा प्रश्न थोडक्यात असा होता. तू जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात नुकतीच लागलीयस, तुझ्या भागात वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा आहे, चार महिने झाले कॉलेज सुटलंय, शेजारचे पाळत ठेवतात म्हणतो, मोबाईलमधून माझे विचार बाहेर जातात म्हणतो, रात्र रात्र जागा. यालाच सायकोसिस म्हणतात, नसलेलं ऐकू-दिसू लागणं आणि समजावून न हलणारा संशय. एकदा कसाबसा ओपीडीत आणला, गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवसांत त्याने बंद केल्या आणि आता खोलीचं दारच उघडत नाही. आई विचारतेय गोळी चुरून भाजीत घालू का. आणि तू विचारतेयस की घरी जाऊन बोलायचं तरी काय.

मी मानसोपचार नर्सिंग केलंय, आधी वॉर्डात आणि मग बरीच वर्षं गावोगावच्या व्हिजिटला, त्यामुळे जे करून पाहिलंय तेच सांगते. उत्तर लांब होईल, पण हा विषय दोन ओळीत बसत नाही.

पहिलं म्हणजे त्याला "तू आजारी आहेस" हे पटवायला जाऊ नकोस. घरातल्या प्रत्येकाने ते करून झालेलं असतं, आईने रडून, बापाने ओरडून, मामाने समजावून, ओपीडीत डॉक्टरांनी पाच मिनिटांत. तू पाचवी व्यक्ती म्हणून तेच सांगायला गेलीस तर तुझ्यासाठी पण दार बंद होणार. पहिल्या काही महिन्यांत तुझं मुख्य काम एकच, त्या मुलाचं आणि तुझं बोलणं तुटू द्यायचं नाही. गोळ्या, वजन, काउन्सेलिंग, कॉलेज, सगळं त्या बोलण्याच्या धाग्यावर येतं, तो धागा नसला की कुठलंच प्रिस्क्रिप्शन चालत नाही हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता मला त्यात शंका वाटत नाही.

मग बोलायचं कशावर? त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतोय त्यावर. तो आजार मानत नसेल पण झोप लागत नाही हे मानतो, भीती वाटते हे मानतो, डोकं दुखतं, जेवण जात नाही, छातीत धडधडतं हे मानतो. तिथून सुरुवात कर. "तू किती रात्री झोपला नाहीस रे?" या प्रश्नाला उत्तर येतं. "तुला भास होतात का?" या प्रश्नाला पहिल्या दिवशी बहुतेक वेळा "नाही" येतं, आणि वर तो लक्षात ठेवतो की ही पण त्यांच्यातलीच.

जायच्या आधी आईकडून निरोप दे की अमुक वाराला अमुक वाजता हॉस्पिटलच्या एक ताई येणार आहेत, तुझ्या झोपेबद्दल विचारायला. अचानक जाऊ नकोस, ज्याला आधीच वाटतंय की लोक पाळत ठेवतात त्याच्या घरी अनोळखी माणूस न सांगता येणं म्हणजे त्याच्या संशयाला पुरावा मिळाला. खोटं बोलून पण जायचं नाही, मी तुझ्या बहिणीची मैत्रीण, सर्व्हेवाली वगैरे, कारण ते उघडं पडतंच आणि मग परत संधी मिळत नाही. गाडी दारात लावू नकोस, विशेषतः ज्यावर कार्यक्रमाचं नाव लिहिलंय ती. गाव बघत असतं, आणि उद्या त्याला किंवा त्याच्या बहिणीला त्याचा त्रास होतो. आशाताईला बरोबर घ्यायचं की नाही हे आधी घरच्यांना विचार, काही घरांत आशाताई म्हणजे हक्काचं माणूस असतं आणि काही ठिकाणी ती भावकीतली निघते आणि त्यांना तिला काहीच कळू द्यायचं नसतं.

दार उघडलं नाही तर दाराबाहेर बस. खरंच बस, जमिनीवर, आईने चहा दिला तर तिथेच घे, आणि दारातून शांतपणे सांग की मी कोण, कशाला आले, किती वेळ बसणार आणि परत कधी येणार. दहा-पंधरा मिनिटं बस, सांगितलेल्या वेळेला ऊठ आणि सांगितलेल्या दिवशी परत जा. सुरुवातीच्या व्हिजिटमध्ये एवढंच झालं तरी ते काम झालं असं समज, रजिस्टरमध्ये "पेशंटने सहकार्य केले नाही" असं लिहू नकोस. तो दाराआड ऐकत असतो.

आता त्याच्या संशयाबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा. इथे नवीन सिस्टर दोन्हीकडे चुकतात, एक तर "असं काही नसतं रे" म्हणून उडवून लावतात नाहीतर त्याला बरं वाटावं म्हणून "हो हो, बघतात हं ते" म्हणून मान डोलावतात. दोन्ही नको. एका मुलाकडे मी जायचे, त्याने घरातल्या लाइटच्या मीटरवर गोधडी बांधून ठेवलेली, मीटरमधून आवाज येतो म्हणायचा, "हा साला कॉलेज सोडून बसला" असा. बाप रोज ती गोधडी काढायचा आणि रोज भांडण. मी त्याला म्हटलं, मला तो आवाज ऐकू येत नाहीये, पण तुला येतोय हे मी मानते, आणि दिवसभर असं कोणी बोलत राहिलं तर माणूस किती थकेल. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "रात्री जास्त बोलतात." मग आम्ही रात्रीबद्दल बोललो, कानात हेडफोन घालून भजन लावलं की आवाज कमी होतो हे त्याने स्वतःच शोधलेलं, ते मी आईला सांगितलं की हे करू द्या, ते नाटक नाहीये, तो उपाय आहे. बापाला सांगितलं गोधडी राहू द्या, फक्त वायरला चिकटू नये एवढं बघा. गोधडी काही आठवड्यांनी, औषध लागू पडल्यावर त्याने स्वतःच काढली.

म्हणजे अनुभव त्याचा खरा आहे, त्रास खरा आहे, कारणाबद्दल तुझं मत वेगळं असू शकतं आणि ते तू प्रामाणिकपणे सांगू शकतेस, वाद न घालता. बस एवढंच सूत्र आहे पण अंगवळणी पडायला वेळ लागतो.

पहिल्या दोन-तीन व्हिजिटमध्ये डोळे मात्र उघडे ठेवून बघायच्या काही गोष्टी आहेत आणि त्यात उशीर चालत नाही. ताप आहे का, फिट येऊन गेली का, डोक्याला मार, बोलण्यात गोंधळ, दिवस-वार-जागा कळत नाहीये, लक्षणं चार-पाच दिवसांत अचानक सुरू झाली, माणसं-प्राणी डोळ्यांना दिसतायत (सायकोसिसमध्ये कानाचे भास जास्त असतात, नुसते डोळ्यांचे भास असतील तर शरीरातलं काही शोधावं लागतं), नुकतीच बाळंतीण आहे. यातलं काहीही असेल तर तो मानसोपचाराचा फॉलोअप राहत नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. मेंदूज्वर, थायरॉइड, दारू अचानक बंद झाल्यावर होणारा गोंधळ, हे सगळं बाहेरून "वेडं झालं" सारखंच दिसतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत असं झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, तिथे देवऋषी-बिवऋषी संपेपर्यंत थांबायचं नाही.

दुसरं, जिवाचा धोका. सरळ विचार, "मरून जावंसं वाटतं का? आवाज तसं काही करायला सांगतात का?" विचारल्याने डोक्यात कल्पना येते हा गैरसमज आहे, उलट बऱ्याच पोरांना कोणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं. स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचाच लांब चालणारा आजार) असलेल्यांपैकी साधारण ५ टक्के लोक आत्महत्येने जातात आणि त्यातला मोठा वाटा सुरुवातीच्या वर्षांतला असतो, कधीकधी तर गोळ्या लागू पडून भास कमी झाल्यावर, जेव्हा त्याला कळतं की आपल्याला काय झालं होतं आणि वर्ष गेलं. म्हणजे पेशंट "सुधारला" म्हणून व्हिजिट बंद करायची ती वेळ नाही. आणि खेड्यात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते बघ. ओसरीत, पलंगाखाली, गोठ्यात असतंच. ते कुलुपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला लाव, तू समोर उभी राहून, नुसतं सांगून येऊ नकोस.

आता गोळ्या. पंधरा दिवसांत बंद केल्या म्हणतेस, तर आधी शोध की का. "त्याला आजार मान्य नाही" हे कारण लगेच लिहू नकोस, बऱ्याचदा कारण अंगातलं असतं. पहिल्या एपिसोडच्या, म्हणजे आजार पहिल्यांदाच झालेल्या तरुण पोरांना साइड इफेक्ट जास्त होतात, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी, म्हणून डोस कमी ठेवतात, रिस्पेरिडोन असेल तर दिवसाला १–२ मिलिग्रॅमपासून सुरुवात. तुझं काम डोस ठरवायचं नाही, पण काय होतंय ते डॉक्टरांना नेमकं सांगायचं तुझंच आहे, कारण ओपीडीत रांगेत कोणी सांगत नाही.

एकदा एका आईचा रात्री फोन, "सिस्टर, पोराच्या अंगात आलंय, मान वाकडी झालीय, डोळे वर गेलेत, जीभ बाहेर काढतोय." घरात भगत बोलवायची तयारी चाललेली. गोळ्या सुरू होऊन तिसरा दिवस. ही औषधाने स्नायू आखडल्याची रिअॅक्शन असते, पहिल्या काही दिवसांतच होते, बघायला भयंकर पण प्रोमेथाझिनचं, म्हणजे आपलं फेनर्गनचं इंजेक्शन दिलं की थोड्याच वेळात मान सरळ. डॉक्टरांशी फोनवर बोलून प्राथमिक आरोग्य केंद्रात दिलं आणि पोरगं स्वतः चालत घरी आलं. पण विचार कर, हे आधी सांगितलेलं नसतं आणि भगत आधी पोचला असता तर त्या घरात परत कधी गोळी गेली असती का? म्हणून गोळी सुरू होतानाच आईला आणि पोराला दोघांना सांगायचं की मान किंवा डोळे असे झाले तर घाबरायचं नाही, मला फोन करायचा, आणि श्वास घ्यायला त्रास झाला किंवा घसा आवळल्यासारखं झालं तर थेट १०८.

दुसरा प्रकार कमी दिसतो पण जास्त गोळ्या त्याच बंद पाडतो. पोरगं एका जागी बसू शकत नाही, पायांना चैन नाही, खोलीत येरझाऱ्या, आतून कसंतरी होतंय म्हणतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, कधी डॉक्टरांनाही वाटतं आणि डोस वाढतो, की अजून वाईट. विचार, "ही तगमग गोळी घ्यायला लागल्यापासून आहे का?" आणि फोन करून कळव. आणि एक कायमचं लक्षात ठेव, तापाने फणफणलाय, अंग लाकडासारखं कडक, घाम, भ्रमात बोलतोय, असं असेल तर पुढची गोळी द्यायची नाही आणि तडक मोठ्या हॉस्पिटलात, ही दुर्मिळ पण जीवघेणी रिअॅक्शन आहे.

मग वजन. ओलान्झापिन या सायकोसिसच्याच दुसऱ्या औषधाने पहिल्या काही महिन्यांतच कपडे बसेनासे होतात, भूक इतकी लागते की रात्री उठून डबे उघडतात. तू दर महिन्याला वजन आणि कमरेचं माप घे, बीपी घे, शुगर आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीला आणि मग ठरल्याप्रमाणे करून घे. आपल्याकडे हे लिहिलेलं असतं पण होत नाही, वजनकाटा उपकेंद्रात असतो आणि पेशंट घरात. छोटा काटा बरोबर ठेव. मुलींच्या बाबतीत पाळी थांबली का, छातीतून दूध येतंय का हे एकटीला घेऊन विचार. रिस्पेरिडोनने होतं तसं, आणि ती बिचारी कोणाला सांगत नाही, घरात भलताच संशय सुरू होतो आणि गोळी बंद होते. औषध बदलता येतं, सांगितलं तर.

विडी-सिगारेटचं पण विचार. धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन (हेही सायकोसिसचंच औषध) शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे अॅडमिट असताना विडी बंद झाली की तोच डोस अंगावर येतो आणि घरी परत ओढायला लागला की तोच डोस कमी पडतो. तंबाखू मळून खाणाऱ्याला हा प्रश्न येत नाही, कारण तो परिणाम धुराचा आहे. गांजा ओढतो का हे मात्र नक्की विचार, न दरडावता.

आता आईचा प्रश्न, भाजीत चुरून. तिला रागावू नकोस, ती हताश झालीय. पण माझं मत स्पष्ट आहे, नको. तो आधीच म्हणतोय लोक आपल्याविरुद्ध काहीतरी करतायत, आणि एक दिवस भाजी कडू लागली किंवा गोळीचं रिकामं पाकीट सापडलं की त्याचा संशय खरा ठरला, आणि तो पण आईवर. मग तो घरचं जेवण सोडतो, मी हे झालेलं बघितलंय, पोरगं महिनाभर फक्त पाकीटबंद बिस्किटांवर होतं. शिवाय डोस कधी पूर्ण जातो कधी अर्धा, मान वाकडी झाली तर त्याला कळतही नाही का झाली, आणि कायद्याने पण उपचार म्हणजे सांगून-विचारून. जर आई आधीच देत असेल (बऱ्याचदा देत असते, तू विचारायच्या आधी), तर धाडकन बंद करायला लावू नकोस, डॉक्टरांना खरं सांग आणि त्याला कधी कसं सांगायचं हे ठरवा. उघडपणे द्यायचे मार्ग आधी संपव. झोपेसाठी म्हणून रात्री एकच गोळी, तीही झोपेचं औषध म्हणून फसवून नाही, "याने झोप पण येईल आणि डोक्यातला कलकलाट पण कमी होईल" असं खरं सांगून. तोंडात विरघळणारी गोळी मिळते का बघ. पुढे तो स्वतः म्हणाला रोजची कटकट नको तर महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोल.

घरच्यांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथेच आपली ताकद आहे. चेन्नईची स्कार्फ ही स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं केंद्र यांनी पहिल्या एपिसोडच्या पेशंटना सारख्याच पद्धतीचे उपचार देऊन दोन वर्षं तुलना केली, तर भास-संशयात फारसा फरक नव्हता पण उत्साह, बोलणं, मिसळणं यात चेन्नईची मुलं पुढे होती, आणि तिथे कुटुंबाचा सहभाग जास्त होता. म्हणजे आपल्याकडे माणसं कमी, पैसे कमी, पण घर आहे. फक्त त्या घराला कोणीतरी शिकवायला पाहिजे, आणि ते तू.

काय शिकवायचं? टोचून बोलणं कमी. "म्हशीसारखा लोळतोस", "शेजारचा पोरगा बघ कुठे गेला" हे रोज ऐकणाऱ्या पेशंटचा आजार लवकर उलटतो हे अनेक देशांत तपासून झालंय. बापाला वाटतं हा आळस आहे. त्याला सांगायचं की अंघोळ न करणं, न बोलणं, दिवसभर पडून राहणं हा सुद्धा आजाराचाच भाग आहे आणि तो गोळीने सगळ्यात हळू जातो. एका वेळी एकच अपेक्षा ठेवा, या आठवड्यात फक्त सकाळी उठून चहा सगळ्यांबरोबर प्यायचा. बापाशी वेगळं बोल, शेतावर जाऊन बोल, घरात आईसमोर तो ऐकणार नाही. आणि आईला विचार की तू जेवतेस का, झोपतेस का. तिला आजवर कोणी विचारलेलं नसतं.

देवऋषी, दर्गा, नवस. भांडू नकोस. त्यांना करू दे, फक्त गोळी बंद करायची नाही, उपाशी ठेवायचं नाही, मारायचं नाही, बांधायचं नाही एवढ्या चार अटी घाल. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा बरोबर चालवायचा प्रयोग झालेला आहे आणि मुजावर लोकच पेशंटला डॉक्टरकडे पाठवायचे, तेव्हा तुझ्या भागातल्या भगताशी पण ओळख करून ठेव. पण साखळी दिसली तर तिथे गप्प बसायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ ने साखळीने बांधणं पूर्ण बंद आहे. तामिळनाडूत एर्वाडीला २००१ मध्ये आग लागली तेव्हा २८ माणसं जळून गेली, साखळ्यांमुळे पळता आलं नाही. घरचे दुष्ट असतात म्हणून बांधत नाहीत, रात्री कुठे निघून जाईल या भीतीने बांधतात, म्हणून साखळी सोडवताना त्या भीतीचं उत्तर पण द्यावं लागतं, त्याच दिवशी औषध, गरज असेल तर अॅडमिशन.

अॅडमिशन लागलंच, म्हणजे जिवाला धोका, दुसऱ्याला धोका, किंवा स्वतःचं खाणंपिणं पण होत नाही, तर आधी त्याच्या मर्जीने होतंय का बघ. तो निर्णय घ्यायच्या स्थितीत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या) अर्जावर ३० दिवसांपर्यंत होतं. प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चारच, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी, पण प्रत्येक पोरगं तिथेच न्यायची गरज नाही, सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला बेड असेल तर घराजवळ ठेवलेलं बरं. तो शांत असताना त्याच्याकडून लिहून घे की परत असं झालं तर कोणाला बोलवायचं, कुठे न्यायचं, काय करायचं नाही. कायद्यात त्याला आगाऊ निर्देश म्हणतात, पण रीतसर कागद नंतर होऊ दे, आधी वहीत तरी लिहू दे.

लग्न. हे येणारच, "लग्न करून दिलं की ताळ्यावर येईल." स्पष्ट सांग की लग्न हा उपचार नाही, पहिली दोन वर्षं तर विषयच नको, आणि करायचं तेव्हा समोरच्यांना सांगून करायचं. लपवून केलेल्या लग्नात पहिली गोष्ट बंद होते ती गोळी, कारण सासरी डबी दिसायला नको.

तू विचारशील एवढी घाई का करायची, होईल हळूहळू बरा. घाई यासाठी की सायकोसिस उपचाराशिवाय जितका लांबतो तितकं नंतर सावरणं अवघड जातं. मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या सुमारास खास पहिल्या एपिसोडसाठी केंद्र काढलं ते याच कारणाने, आणि इंग्लंडमध्ये २०१६ पासून नियम आहे की अशा पेशंटपैकी निम्म्याहून जास्त जणांचे उपचार चिठ्ठी आल्यापासून दोन आठवड्यांत सुरू झाले पाहिजेत, आणि तिथे एका नर्सकडे साधारण पंधरा पेशंट असतात. तुझ्याकडे किती आहेत मला माहितीये. म्हणून सगळ्यांना सारखा वेळ वाटू नकोस, पहिल्या एपिसोडची जी पाच-सात पोरं असतील त्यांची वेगळी वही कर आणि त्यांना आठवड्याला एक तरी फोन, बाकी स्थिर पेशंटचं आशाताई आणि उपकेंद्राच्या सीएचओवर (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यावर) सोपव. हे जमतं. डॉक्टर-नर्स नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी घरी जाऊन केलेल्या कामाचा अभ्यास आपल्याच साताऱ्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत झालाय, २०१४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुसत्या ओपीडीपेक्षा लक्षणं आणि दैनंदिन कामं थोडी जास्त सुधारली. थोडीच, पण खरी.

आणि बरं वाटलं की गोळी बंद, हा पुढचा खड्डा. न्यूयॉर्कमधल्या १९९९ च्या एका अभ्यासात पहिल्या एपिसोडमधून सावरलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना पाच वर्षांत आजार परत उलटला, आणि औषध सोडणाऱ्यांना धोका जवळपास पाचपट होता. म्हणून किमान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात आणि थांबवायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. पण पोराला हा आकडा फेकून घाबरवू नकोस. त्याच्याबरोबर बसून मागे जा, सगळं बिघडायच्या आधीच्या महिन्यात काय काय झालं होतं? कोणाची झोप आधी जाते, कोणी मित्रांचे फोन घेणं बंद करतो, कोणी एकाएकी पोथ्या वाचायला लागतो. त्याची स्वतःची तीन लक्षणं त्याच्या अक्षरात वहीत, आणि त्यासमोर "हे दिसलं तर सिस्टरला फोन". ही वही आईकडे पण असू दे, पण त्याने तिला दाखवायला हो म्हटल्यावर.

औषध संपलं म्हणून तुटलेले फॉलोअप पण खूप असतात. ग्रामीण रुग्णालयात गोळी महिन्याभराची मिळते, डॉक्टर ठराविक वाराला येतात, त्या दिवशी मजुरी बुडते, एसटीचं भाडं दोघांचं, आणि स्टॉक नसला तर रिकाम्या हाताने परत. आदल्या दिवशी फार्मसीत फोन करून स्टॉक विचारून घरी कळव, एवढ्याने काही पोरांचे उपचार टिकलेत. रात्री-अपरात्री तू फोन उचलू शकणार नाहीस, उचलूही नकोस रोज, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लिहून ये, मराठीत बोलता येतं आणि चोवीस तास चालू असतो.

शेवटी कॉलेजचं. हे मी मुद्दाम शेवटी लिहितेय पण वाट बघू नकोस, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच विषय काढ. त्याला स्वतःला गोळीपेक्षा याचीच काळजी असते, वर्ष वाया गेलं, मित्र पुढे गेले. प्राचार्यांना आजाराचं नाव न सांगता मेडिकल सर्टिफिकेटवर गॅप मिळतो का, बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरता येतो का, आयटीआयला एक छोटा कोर्स, नाहीतर चुलत्याच्या दुकानात दोन तास बसणं. सगळे विषय एकदम नको, दोन विषय. अपंगत्व प्रमाणपत्राची घाई पहिल्या वर्षात करू नकोस, २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आहे आणि गरज असणाऱ्याला ते मिळालंच पाहिजे, पण वीस वर्षांच्या पोराच्या हातात पहिला सरकारी कागद तो पडला की घरचे पण हात टेकतात, असं मला दिसलंय. आधी परीक्षेचा फॉर्म भरून बघा. तारखा विचारून घे आणि पुढच्या व्हिजिटला, दार उघडो न उघडो, जाताना तो फॉर्म घेऊन जा.